महाराष्ट्राची राज्यमुद्रा : श्लोक आणि समई

सरकारी कागद हाती आला म्हणजे त्यातील मजकूर आपण बारकाईने वाचतो. माथ्यावरील मुद्रेकडे मात्र सहसा दृष्टी जात नाही. वस्तुतः महाराष्ट्र राज्याची मुद्रा ही चित्र व काव्य यांची जोडरचना आहे आणि तिचे परीक्षण एखाद्या काव्यकृतीप्रमाणेच व्हावयास हवे, असे आम्हांस वाटते.

मुद्रेच्या मध्यभागी समई असून सभोवार संस्कृत श्लोक आहे. त्याचे मूळ शिवछत्रपतींच्या अष्टकोनी राजमुद्रेत आहे. शहाजीराजे व जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या. पुत्राने आपल्या मुद्रेसाठी संस्कृत भाषा निवडली. १ मे १९६० रोजी अस्तित्वात आलेल्या राज्याने हा श्लोक स्वीकारताना चार चरणांपैकी तिसरा तेवढा बदलला. शहाजीपुत्र शिवाच्या जागी महाराष्ट्र राज्य आले. अनुष्टुभाची आठ अक्षरे कायम राहिली व छंद कोठे अडखळला नाही.

जुन्यावर नवी मुद्रा उमटविण्याचा हा प्रकार नाशिककरांस नवा नाही. १९०६ साली या जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक रौप्य नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्य व उज्जयिनी ही चिन्हे ठोकून घेतली होती. रुपे तेच, सत्ता मात्र निराळी! तेथे जेत्याने शत्रूचे नाणे आपलेसे केले. येथे वारसाने पूर्वजाचे वचन आपल्या शिरावर घेतले. वचन शिरावर घेणे हे नाणे ठोकण्याहून पुष्कळच अवघड होय.

आता गुणदोषांकडे वळू. श्लोकात प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा आहे, तर चित्रात समई आहे. शब्द एक सांगतात व आकृती दुसरेच दाखविते, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते हा विसंवाद उपकारकच ठरला आहे. चंद्रकोर आपोआप वाढते, तिला कोणाच्या श्रमांची गरज नसते. समईचे तसे नाही. तीत तेल घालावे लागते, वात सारावी लागते, काजळी झाडावी लागते. राज्याचा उत्कर्ष कोरीप्रमाणे व्हावा ही आकांक्षा श्लोकाने बोलून दाखविली. त्यासाठी काय करावे लागते, हे घरोघरच्या देवघरातील या दिव्याने सुचविले.

खरा दोष निराळाच आहे. मुद्रा लहान छापली की कडेची अक्षरे वाचता येत नाहीत, आणि वाचता आली तरी संस्कृत न जाणणाऱ्यास अर्थ लागत नाही. जे वचन ज्याला दिले, त्यालाच ते उमगू नये, हे उचित नव्हे. शाळेच्या पुस्तकात मुद्रेचे मोठे चित्र व सुबोध मराठी अर्थ द्यावा, अशी आमची सूचना आहे.

कारण श्लोकातील वृद्धी व विश्ववंद्यता ही भूषणे होत. 'भद्राय' हे एकच पद कर्तव्याचे आहे. मुद्रा शोभते ती लोककल्याणासाठी, असे ते पद सांगते. पूर्वी हे वचन पाळण्याचा भार एका राजावर होता. षष्ठी विभक्तीतील ते नाव बदलले आणि तो भार राज्यावर, म्हणजे पर्यायाने आपणा सर्वांवर, आला. समईत तेल घालण्याची पाळी आता आपली आहे.