खुरांचे चिलखत

अथेन्सच्या अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, दियोनिसोसच्या रंगशाळेला लागूनच, अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे देऊळ होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा एक चौकस प्रवासी तिथे आला. देवाची आणि त्याच्या मुलांची शिल्पे त्याने पाहिली, चित्रे पाहिली, आवारातल्या झऱ्याची आख्यायिका टिपली, आणि मग देवाला वाहिलेल्या वस्तूंमधल्या एका चिलखतापाशी तो असा रेंगाळला, की 'ग्रीसचे वर्णन' या त्याच्या ग्रंथातले ते मोजके परिच्छेद वाचताना आपणही त्याच्या खांद्यावरून डोकावू लागतो. चिलखत होते सार्मेशियन लोकांचे. उरलपासून डॅन्यूबपर्यंतच्या गवताळ मैदानांत घोड्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या, इराणी कुळातली भाषा बोलणाऱ्या टोळ्यांचे. आणि ते केलेले होते घोडीच्या खुरांचे.

पॉसेनियस थेट वस्तूवर येत नाही, आधी तिच्याभोवतीचे जग उभे करतो. तिकडे जमिनीचे खाजगी तुकडे पडलेले नाहीत, माणसे भटकी, म्हणून एकेकाजवळ पुष्कळ घोड्या. लढायला घोडी, देवाला बळी द्यायला घोडी, खायलाही घोडीच. लोखंड त्यांच्या भूमीत नाही आणि बाहेरूनही येत नाही, म्हणून भाल्याला आणि बाणाला हाडाची टोके. युद्धात ते शत्रूवर फास टाकतात आणि तो अडकला की घोडा गर्रकन वळवून त्याला खाली पाडतात. लोखंडाबद्दल तो साफ चुकला आहे; सार्मेशियन थडग्यांतून लोखंडी तलवारी भरपूर निघाल्या आहेत. पण ही चूकही किती सुफळ! लोखंड नाही असे एकदा धरल्यावर प्रत्येक घोडीचे मरण हा साहित्याचा पुरवठा ठरतो, आणि खूर टाकून न देता जमवून ठेवणारे हात आपल्याला दिसू लागतात.

मग येते कृती. खूर स्वच्छ करायचे, चिरायचे, त्यांचे मोठ्या सापाच्या खवल्यांसारखे पातळ तुकडे पाडायचे, त्यांना भोके पाडायची आणि घोड्याबैलांच्या स्नायुतंतूंनी ते एकमेकांना शिवून टाकायचे. एखाद्या कारागिराने शिष्याला सांगावे इतका हा क्रम नेमका आहे. इथेच पॉसेनियसला शंका येते, की वाचकाने तो मोठा साप पाहिलाच नसला तर? तर हरकत नाही, पाइनच्या झाडाचे हिरवे फळ तर पाहिले असेल, असे तो म्हणतो; त्या फळावर ज्या रेघा उमटलेल्या असतात तसे हे काम. या एका वाक्यावरून मी त्याला सगळे काही माफ करायला तयार आहे. दूरदेशीच्या अद्भुताची उपमा बाजूला ठेवून त्याने वाचकाच्या अंगणातली उपमा दिली, आणि तीही नीट पारखून: फळ हिरवेच हवे, कारण वाळले की त्याच्या पाकळ्या उमलतात आणि खवल्यांमध्ये फटी पडतात. कच्च्या फळावर एकेक खवला शेजारच्याला बिलगून असतो. शत्रूच्या बाणाला फट सापडू नये, ही चिलखताची सगळी विद्या त्या हिरव्या रंगात सामावली आहे. कोकणातल्या वाचकाला इथे खवल्या मांजर आठवेल, आणि ते साम्य नुसते दिसण्यापुरते नाही. खवल्या मांजराचे खवले, घोड्याचे खूर आणि आपली नखे ही तिन्ही केरॅटिन या एकाच द्रव्याची घडण आहे. मेलेल्या घोडीच्या पायाचे कवच स्वाराच्या छातीवर चढत होते.

दोन शतकांनंतर अमियानस मार्सेलिनस या रोमन इतिहासकारालाही सार्मेशियनांची असलीच चिलखते भेटली: घासून गुळगुळीत केलेल्या शिंगांचे तुकडे तागाच्या वस्त्रावर गुंफलेले. त्याला मात्र ती पिसांसारखी वाटली. एकाला साप आणि फळ, दुसऱ्याला पक्षी! रोममध्ये इ. स. ११३ साली उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावर तर शिल्पकाराने सार्मेशियन स्वाराला मानेपासून घोट्यापर्यंत खवल्यांनी मढवलेच, वर त्याच्या घोड्यालाही सोडले नाही. खवले अंगाला इतके चिकटून, की असा घोडा पळणार कसा असा प्रश्न पडावा. शिल्प डौलदार आहे, पण ऐकीव आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसने वर्णिलेली हकिगत त्याच्या शेजारी ठेवून पाहावी: इ. स. ६९च्या सुमारास मोएशिया या रोमन प्रांतात घुसलेले नऊ हजार रॉक्सोलानी सार्मेशियन, बर्फ वितळून झालेला निसरडा चिखल, आणि एकदा खाली पडले की चिलखताच्या वजनाने उठताच न येणारे त्यांचे सरदार. स्तंभावरच्या स्वाराला असा चिखल ठाऊकच नाही.

ऐकीव सार्मेशियनांनी पुढे फार मोठा प्रवास केला. पोलंडच्या सरदारांनी त्यांना आपले पूर्वज मानले, आणि अठराव्या शतकाअखेरीस पोलंडचे लचके तोडले गेले तेव्हा इंग्रज वाचकाच्या कानी ते दुःख सार्मेशियाचे म्हणून पडले. टॉमस कॅम्बेलच्या १७९९च्या 'द प्लेझर्स ऑफ होप' या काव्यात कोसळणारा देश याच नावाने वावरतो. कॅम्बेलच्या सार्मेशियाला भव्यता आहे, करुणा आहे; घोडीच्या घामाचा वास मात्र त्याला नाही. गंमत अशी की इंग्लंडच्या मातीला हे लोक परके नव्हतेच. इ. स. १७५मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने तहात मिळालेले साडेपाच हजार सार्मेशियन स्वार ब्रिटनला धाडले होते. चेस्टरच्या ग्रोव्हनर संग्रहालयात एक झिजलेली थडग्याची शिळा आहे. तिच्यावर उंच शिरस्त्राण घातलेला एक स्वार दोन्ही हातांनी नागमुखी ध्वज उचलून धरतो. तो सार्मेशियन असावा असे मानतात.

इंग्रजीत पॉसेनियसला जेम्स फ्रेझरने १८९८ साली सहा खंडांत आणले, अपार टिपांसह. पण पॉसेनियसचा चिलखताचा हा परिच्छेद टिपांविनाही उभा राहतो, कारण त्यात पाहणारा डोळा आहे. हे चिलखत पाहिलेल्या कोणालाही रानटी लोक कलेत ग्रीकांहून उणे नाहीत हे पटेल, असे तो लिहितो. दुसऱ्या शतकातल्या ग्रीकाने, तेही देवळात उभे राहून, हे म्हणावे! सुंदर आहे आणि मजबूतही, जवळचा वार आणि लांबचा मारा दोन्ही सोसते, असा दाखलाही तो देतो. यापुढे दुसरा एखादा संस्कृतीच्या थोरवीवर घसरला असता. पॉसेनियस घसरतो तो तागाच्या चिलखतांवर: लढाईत ती तितकी कामाची नाहीत, जोराचा घाव बसला तर लोखंड आत जाऊ देतात, शिकाऱ्याला मात्र उत्तम, कारण सिंहाचे आणि बिबट्याचे दात त्यांत मोडतात, अशी चिलखते ग्रीनियमला पाहायला मिळतील, आणि हो, तिथे अपोलोची राईही फार सुरेख आहे.