क्रूसाची मागची बाजू

पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीत आज धातूचा क्रूस करून घेणे अजिबात अवघड नाही. लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग द्यायचे. स्टेनलेसचा पत्रा कापला जातो, बफिंग होते, मागे दोन बोल्ट वेल्ड केले की काम संपते. माप बिनचूक, कडा स्वच्छ. पण सगळीकडे एकच जाडी आणि पाहण्याजोगे एकच तोंड. पिंपरी-चिंचवडच्या हातांत जे कसब आहे, त्याच्या मानाने हे काम फारच लवकर आटोपलेले वाटते.

मध्ययुगातला मिरवणुकीचा क्रूस काठीवर चढून लोकांमधून जायचा, म्हणून त्याला पाठही लागायची. जर्मनीत आखेनच्या कॅथेड्रलच्या खजिन्यात इ.स. १००० च्या सुमाराचा लोथार क्रूस आहे. आत ओकचे लाकूड, वर पत्रा. पुढच्या अंगाला सोने, १०२ रत्ने, ३५ मोती आणि मधोमध, येशू सोडून, चक्क रोमन सम्राट ऑगस्टसचा दगडात कोरलेला चेहरा! मागे मात्र एकही खडा नाही. मुलामा दिलेल्या चांदीवर नुसत्या रेघांनी कोरलेला, मान टाकलेला येशू. मला ही मागची बाजूच थोर वाटते. तिथे रेघ चुकली तर झाकायला काही नाही.

सगळेच क्रूस सोन्याचे नव्हते. फ्रान्समधल्या लिमोजचे कारागीर तांब्याच्या पत्र्यात घरे कोरत, त्यांत रंगीत काचेची पूड भरून भट्टीत भाजत आणि उरलेल्या तांब्यावर सोन्याचा मुलामा चढवत. बाराव्या-तेराव्या शतकांत हा माल युरोपभर गेला.

पत्र्याला उठाव कसा द्यायचा, हे बाराव्या शतकात थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या भिक्षूने सांगून ठेवले आहे. डांबरासारखी राळ वितळवायची, थोडे मेण घालायचे, त्यात विटेची पूड कालवायची आणि त्या गादीवर पत्रा बसवून ठोकायचा. आपल्याकडच्या ठोक्याच्या कामातली राळ आणि विटेची पूड ज्याने पाहिली आहे, त्याला हा भिक्षू शेजारच्या आळीतलाच वाटेल.

गोव्यात युरोपचा आणि इथला असे हे दोन हात खरोखर एकत्र आले. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घ्यायला मनाई केली. तरी काम त्यांच्याकडे जातच राहिले. जुन्या गोव्यातली सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच चांदीकामगारांनी घडवली. चारही बाजूंना मिळून संताच्या चरित्राचे ३२ पत्रे, आणि वर क्रूस. ही पेटी भिंतीला टेकवून ठेवायची वस्तूच नव्हे.

काळेवाडीत अडते ते यंत्रापाशी नाही. लेझरवर कापलेल्या पत्र्याच्या पाठीवर छिन्नी चालवायला कोणी मनाई केलेली नाही. पण कोटेशनमध्ये पत्रा किलोवर लागतो, कटिंग मीटरवर; ठोकणाऱ्याच्या दिवसांसाठी त्यात रकानाच नसतो, आणि क्रूस घ्यायला आलेले लोकही तो रकाना मागत नाहीत.