दाराबाहेरचा उपचार : मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या ९८व्या कलमाची चिकित्सा

१

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याविषयीची चर्चा बहुतांशी रुग्णाच्या रुग्णालयातील प्रवेशाभोवती फिरत राहिली : संमती कोणाची घ्यावी, रुग्णाने आगाऊ दिलेल्या निर्देशाला किती मान द्यावा, विद्युत्-उपचारावर कोणती बंधने असावीत, इत्यादी. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात संशय नाही. परंतु रुग्ण रुग्णालयातून घरी जावयास निघतो त्या क्षणाविषयी हा अधिनियम काय म्हणतो, याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. हा विषय ९८व्या कलमात आला आहे. त्या कलमाचा शब्दार्थ लावून पाहणे आणि नवी मुंबईसारख्या नगरात तो कितपत टिकतो याची परीक्षा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा क्षण गौण नव्हे. मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहून आलेल्या व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका घरी परतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, असे निरनिराळ्या देशांतील संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या पाठपुराव्याची मुदत पूर्वी ७ दिवसांची होती, ती अलीकडे ७२ तासांवर आणण्यात आली, ती याच कारणाने. म्हणजे ज्याला आपण उपचारांचा शेवट समजतो, तो वस्तुतः उपचारांतील सर्वांत नाजूक टप्पा आहे.

२

९८व्या कलमाचे महत्त्व कळण्यास त्याच्या पूर्वजांकडे पाहिले पाहिजे. १९१२च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यात रुग्णाच्या सुटकेचा प्रश्न मुख्यतः ताब्याचा होता. नातेवाईक किंवा स्नेही रुग्णाची नीट काळजी घेईल, त्याला स्वतःस वा इतरांस इजा करू देणार नाही, अशी हमी दिली की त्याला सोडता येई. १९८७च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (तो १९९३ साली अंमलात आला) भाषा सौम्य केली. तथापि नातेवाईकांच्या हमीवर रुग्णाला सोडण्याची तरतूद त्यातही राहिली. दोन्ही कायदे एकच प्रश्न विचारीत होते : याला नेणार कोण?

२०१७चा अधिनियम हा प्रश्नच बदलतो. रुग्णाला घरी सोडावयाचे असो, दुसऱ्या आस्थापनेत पाठवावयाचे असो, की त्याची जबाबदारी नव्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावयाची असो, आजवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने आधी विचारविनिमय केला पाहिजे, असे ९८वे कलम सांगते. हा विचारविनिमय स्वतः रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, ज्याच्याकडे तो राहणार त्या कुटुंबीयाशी, पुढे ज्याच्याकडे उपचारांची जबाबदारी येणे अपेक्षित आहे त्या तज्ज्ञाशी आणि आवश्यक त्या इतरांशी करावयाचा आहे. त्यातून पुढील उपचारांची योजना तयार होईल हे पाहण्याचे दायित्व त्या पहिल्या तज्ज्ञावरच टाकले आहे. आणि हा नियम सर्व सुटकांना लागू आहे. ‘याला नेणार कोण’ या प्रश्नाच्या जागी ‘याचे उपचार पुढे कसे चालणार’ हा प्रश्न आला, ही या कलमाची थोरवी आहे. पुढील टीका करताना ती विसरता कामा नये.

३

आता कलमाचे शब्द बारकाईने वाचावे. योजना तयार व्हावी असे कलम म्हणते. ती लेखी असावी असे ते म्हणत नाही. तिची प्रत कोणाला द्यावी, ती कोठे जतन करावी, पहिली भेट किती दिवसांत व्हावी, याविषयीही ते मौन पाळते. अधिनियमाच्या कोणत्याही तरतुदीच्या भंगाबद्दल १०८व्या कलमात शिक्षा सांगितली आहे हे खरे. परंतु ज्या कर्तव्याचे लेखी चिन्ह मागे राहत नाही, त्याचा भंग सिद्ध तरी कसा व्हावा?

याहून गंभीर दोष निराळाच आहे. ‘पुढे जबाबदारी घेणे अपेक्षित असलेला तज्ज्ञ’ असा कोणी आहे, हे कलम गृहीत धरते. त्याच्याशी बोलण्याचे कर्तव्य ते पहिल्या तज्ज्ञावर टाकते. मात्र त्या दुसऱ्या तज्ज्ञावर रुग्णाचा स्वीकार करण्याचे, त्याची वाट पाहण्याचे किंवा तो आला नाही तर चौकशी करण्याचे कोणतेही कर्तव्य या कलमाने सांगितलेले नाही. देणारा ठरला आहे, घेणारा ठरलेला नाही. आमच्या मते या कलमाचे मर्म आणि त्याचे वैगुण्य दोन्ही येथेच आहेत.

दुसरी अडचण अधिनियमाच्या अंतर्गत रचनेतून उद्भवते. स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने मागणी करताच त्याला सोडावे, असे ८८वे कलम सांगते; विशिष्ट परिस्थितीतच तपासणीसाठी त्याला २४ तास थांबविता येते. ही तरतूद व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने यथार्थ आहे. पण मग ९८व्या कलमातील विचारविनिमय कधी व्हावयाचा? दोन्ही कलमे एकत्र वाचली असता एकच अर्थ सुसंगत ठरतो : सुटकेची योजना ही सुटकेच्या दिवशी करावयाची गोष्ट नसून दाखल झाल्याच्या दिवसापासून करीत राहावयाची गोष्ट आहे. कायद्याने हे स्पष्ट सांगितले असते तर बरे झाले असते.

४

नवी मुंबईत हे वैगुण्य नकाशावरच दिसते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे नगर एक म्हणून आखले. शासनाच्या नोंदींत मात्र ते एक नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात असून १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग रायगड जिल्ह्यात असून २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत मोडतो. बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरील लागून असलेली स्थानके. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाप्रमाणेच जिल्ह्याच्या चौकटीत बसविलेला आहे. त्यामुळे कागदोपत्री बेलापूरचा रुग्ण ठाण्याचा, तर खारघरच्या रुग्णाचे जिल्हास्थान दूर अलिबागेस.

या नगरात मानसोपचारतज्ज्ञांची वाण आहे असे नाही. वाशीस महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, नेरूळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, खासगी व्यावसायिकही पुष्कळ आहेत. राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ठाण्याचे, १९०१ साली स्थापन झालेले, जवळच आहे. किंबहुना येथील अडचण अभावाची नसून अनेकत्वाची आहे. समजा, खारघरला भाड्याने राहणारा एक तरुण ठाण्याच्या मनोरुग्णालयातून घरी आला. अकरा महिन्यांचा करार संपताच कुटुंब कामोठ्यास गेले. औषध संपले तेव्हा जवळच्या खासगी तज्ज्ञाकडे दाखविले. पुढे पैशाच्या ओढीमुळे ते वाशीच्या रुग्णालयात आले. तीन ठिकाणी तीन कागद झाले, आणि त्या तिहींना जोडणारा दुवा म्हणजे आईच्या हातातील प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीचे ओझे कायद्याने कोणाकडेच सोपविलेले नाही. आई ते वाहते म्हणून काम चालते. जिला आई नाही, किंवा जिच्या घरच्यांनी पाठ फिरविली आहे, तिचे काय?

५

त्या पिशवीतील डिस्चार्ज कार्डाकडे आता पाहू. त्यात दाखल झाल्याची तारीख, निदान, गोळ्यांची नावे आणि ‘दोन आठवड्यांनी दाखवावे’ एवढा मजकूर सामान्यतः असतो. कोणाला दाखवावे, ते बहुधा नसते. हा कागद पुढच्या वैद्याला लिहिलेले पत्र नसून रुग्णालयाने स्वतःचे दप्तर मिटविल्याची पावती असते.

पत्रात काय हवे ते थोडक्यात सांगता येईल. दीर्घकाल टिकणारे इंजेक्शन दिले असल्यास मागील इंजेक्शनची आणि पुढच्याची तारीख. लिथियम चालू असल्यास रक्तातील शेवटचे प्रमाण आणि पुढील तपासणीचा दिवस. कारण अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही ते प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. क्लोझापीन चालू असल्यास रक्तपेशींच्या तपासण्यांची नोंद, आणि ४८ तासांहून अधिक खंड पडल्यास ते पूर्वीच्या मात्रेत न देता पुन्हा अल्प मात्रेपासून चढवावे लागते ही सूचना. पूर्वी कोणते औषध सोसले नाही; आजार उलटण्यापूर्वी या व्यक्तीत कोणती लक्षणे दिसतात; आणि अडचण आल्यास कोणाला विचारावे. एवढे एका पानात मावते. ते न लिहिल्याची किंमत रुग्ण मोजतो : नवा वैद्य पुन्हा पहिल्यापासून विचारतो, पुन्हा तेच औषध देऊन पाहतो, आणि रुग्णाला आपली सर्वांत दुःखद कहाणी नव्याने सांगावी लागते.

कायदा या आड येतो काय? येत नाही. २३व्या कलमाने गुप्ततेचा अधिकार देताना, उपचारासाठी आवश्यक म्हणून इतर आरोग्य-व्यावसायिकांना माहिती देण्याचा अपवाद स्पष्ट केला आहे. २५व्या कलमाने रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळविण्याचा हक्क दिला आहे. २०१८च्या नियमांनी त्यासाठी १५ दिवसांची मुदत ठरविली आहे. पण १५ दिवसांनी मिळणारी नोंद हा हक्क झाला, उपचार नव्हे. पहिल्या आठवड्यात लागणारा कागद अर्ज न करता हातात पडला पाहिजे.

६

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. नोंदी अशा फिरू लागल्या तर त्या नको त्या हाती पडतील. नोकरी, विवाह, भाड्याचे घर या सर्वांवर त्यांची छाया पडेल. ही भीती कल्पित नव्हे. २४व्या कलमाने गुप्ततेचे संरक्षण विद्युत्-माध्यमातील नोंदींनाही दिले आहे, ते योग्यच आहे. क्षयरोगाच्या बाबतीत २०१२ पासून ‘निक्षय’ नोंदवहीत रुग्ण एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करता येतो. म्हणजे नोंदीला घेणारा असतो. परंतु क्षय संसर्गजन्य आहे, म्हणून राज्याने रुग्णांची यादी ठेवणे समर्थनीय ठरते. मनोरुग्णांची तशी यादी कोणी मागू नये. आपल्याला त्या व्यवस्थेतून घ्यावयाची आहे ती यादी नव्हे, तर ‘पोचला’ असे उलट कळविण्याची रीत.

२०२१ साली आरंभिलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. रुग्णाच्या संमतीने नोंदी इकडून तिकडे नेण्याची सोय तीत आहे आणि तिचा लाभ घ्यावाच. पण यंत्र कागद वाहून नेते. तो वाचण्यास बांधलेला मनुष्य निर्माण करीत नाही. शिवाय आत्यंतिक अवस्थेत दाखल झालेल्या व्यक्तीची संमती कधी आणि कशी घ्यावी, हा प्रश्न यंत्राचा नसून माणसांच्या संवादाचा आहे.

७

सारांश, ९८व्या कलमाने प्रश्न योग्य विचारला, उत्तर मात्र अर्धेच दिले. ते पुरे करण्यास नवा अधिनियम लागेल असे आम्हांस वाटत नाही; नियमांत चार गोष्टी आल्या तरी पुष्कळ होईल. योजना लेखी असावी आणि तिची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी. तिच्यावर घेणाऱ्या तज्ज्ञाचे वा केंद्राचे नाव, दिवस आणि वेळ असावी. रुग्ण न पोचल्यास घेणाऱ्याने ठरावीक दिवसांत, रुग्णाने आधी मान्य केलेल्या व्यक्तीकडे चौकशी करावी. आणि जिल्ह्याच्या वा महानगरपालिकेच्या हद्दीच्या कारणावरून कोणी रुग्णास परत पाठवू नये.

यांतील शेवटची गोष्ट नवी मुंबईस विशेष लागू आहे. खारघरच्या रुग्णाने एक स्थानक अलीकडे, बेलापुरास उतरून औषध घेतले, तर कोणत्याही दप्तराचे काही बिघडत नाही. त्याला परत पाठविले, तर कदाचित तो पुन्हा येणार नाही.