डेफ कॉन आणि जुन्यांची नाराजी

आज आपण एका तक्रारीची चिकित्सा करणार आहोत. लास व्हेगासला दर उन्हाळ्यात ‘डेफ कॉन’ हा हॅकरांचा मेळावा भरतो. तिथे वर्षानुवर्षं जाणारे लोक म्हणतात, ‘आता ते पूर्वीचं राहिलं नाही.’ असं तर प्रत्येक जत्रेबद्दल, प्रत्येक संमेलनाबद्दल म्हटलं जातं. मग या तक्रारीत वेगळं काही आहे का, एवढंच आपल्याला बघायचंय.

सुरुवात १९९३ची. जेफ मॉसनं बुलेटिन बोर्डवरच्या एका मित्रासाठी निरोपाची पार्टी ठरवली. मित्र आधीच निघून गेला, पार्टी मात्र झाली. जमले सुमारे १०० जण. पुढे प्रथा पडली ती अशी: रोख पैसे द्यायचे, नाव कुणी विचारायचं नाही. ‘फेडला ओळखा’ असा खेळही असायचा. गर्दीतला सरकारी माणूस हुडकायचा आणि टी-शर्ट मिळवायचा. गंमत होती, पण तिच्यात सत्तेपासूनचं अंतर होतं.

आता तक्रारी वेगळ्या करून पाहू. पहिली गर्दीची. आज हजारो लोक येतात, २०२४पासून मेळावा शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो, रांगेत तास जातात. खरं आहे, पण गर्दी हा काही गुन्हा नव्हे. आपण आधी आलो म्हणून दार लावून घ्यायचं, ही वतनदारी झाली. दुसरी पैशाची. २०२४ला प्रवेश ४६० डॉलर होता. कंपनीनं पाठवलेल्याला तो जाणवत नाही, पदरमोड करून येणाऱ्या पोराला जाणवतो. या तक्रारीत तथ्य आहे.

तिसरी तक्रार सत्तेशी असलेल्या नात्याची, आणि मुद्दा इथेच आहे. २००९मध्ये मॉस अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या सल्लागार मंडळावर गेले. २०१२ला एनएसएचे प्रमुख कीथ अलेक्झांडर जीन्स-टी-शर्ट घालून मंचावर आले आणि हॅकरांकडे मदत मागू लागले. पुढच्याच वर्षी स्नोडेनचे गौप्यस्फोट झाले आणि मॉस यांना सांगावं लागलं, की यंदा सरकारी लोकांनी येऊ नये. म्हणजे ज्यांना ओळखून काढायचं, तेच मधल्या काळात पाहुणे झाले होते!

पण इथे आपण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २०१७ला याच मेळाव्यात मतदान यंत्रं लोकांसमोर उघडून ठेवली. बघता बघता ती फोडली गेली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत व्हर्जिनिया राज्यानं कागदी पुरावा न ठेवणारी टचस्क्रीन यंत्रं बाद केली. १०० जणांच्या पार्टीचं कुठल्या राज्यानं ऐकलं असतं? दबदबा वाढला, म्हणूनच हे घडलं.

मग गमावलं काय? २००१ आठवा. दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा रशियन प्रोग्रामर इथे अडोबीच्या ई-पुस्तकांच्या कुलुपातल्या उणिवांवर बोलला आणि परत जाण्याआधीच त्याला अटक झाली. त्या काळी बोलण्याची किंमत मोजावी लागे. आज तशीच उणीव दाखवली तर पुष्कळदा बक्षीस मिळतं. हे चांगलंच आहे. पण बक्षीस देणारा अटीही घालतो: अमुक दिवस गप्प राहा, तमुक सांगू नका. बेडीची भीती कमी झाली, करारनाम्याची वाढली.

म्हणून आपलं मत असं: जुन्यांचं दुःख खरं आहे, बोट मात्र चुकीच्या ठिकाणी आहे. दोष नवख्यांचा नाही. कुलपं उघडायला शिकवणाऱ्या, गाड्यांची यंत्रणा तपासणाऱ्या छोट्या ‘व्हिलेज’मध्ये आजही हात काळे करणारी माणसं भेटतात, आणि त्यांतले कितीतरी पहिल्यांदाच आलेले असतात. मेळावा किती मोठा झाला, हे मोजत बसू नका. मंचाचा खर्च जो उचलतो त्याला न रुचणारं तिथे बोलता येतं का, हे विचारा. येत असेल तोवर घर शाबूत आहे. नसेल, तर १०० जण उरले तरी ते प्रदर्शनच.