साथीला : टॉमी फ्लॅनगन

यूट्यूबवर टॉमी फ्लॅनगनचं नाव टाकलंत की बरेचदा आधी त्याची फजितीच भेटते. मे १९५९, न्यूयॉर्क, जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'चं रेकॉर्डिंग. ६४ मात्रांचं एक आवर्तन, त्यात २६ कॉर्ड, लय मिनिटाला साधारण २९० मात्रा. बऱ्याच जागी दोन मात्रांनंतर कॉर्ड बदलतो, म्हणजे विचार करायला हातात ०.४ सेकंद. कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर यातून सुसाट निघून जातो आणि मग पियानोची पाळी येते. फ्लॅनगन सुरुवात ठीक करतो, मग वाक्यं तुटायला लागतात, मधे मोकळ्या जागा पडतात आणि शेवटी तो नुसते कॉर्ड वाजवत कसाबसा काठाला लागतो. जॅझ समजावून सांगणाऱ्या व्हिडिओंना हा तुकडा फार आवडतो. धून किती अवघड आहे ते एका झटक्यात दाखवता येतं ना.

हे थोडं अन्यायाचं आहे. कोल्ट्रेन या कॉर्डमालिकेवर कितीतरी दिवस घासत होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या प्रयत्नात पियानोवर सीडर वॉल्टन होता, आणि त्याने सोलो घेतलाच नाही. फ्लॅनगनने पुढे सांगितलं की कोल्ट्रेनने कॉर्ड आधी दाखवले होते, पण त्याला वाटलं की हे संथ लयीतलं काहीतरी असणार. तरीही त्याने सोलो घेतला, आणि तो तसाच तबकडीवर गेला. आमच्या धंद्यात याला प्रॉडक्शनमध्ये पहिल्यांदाच कोड चालवणं म्हणतात.

मला खटकतं ते वेगळंच. या माणसाच्या नावावर इंटरनेटने एक तुटका सोलो चिकटवला आणि एला फिट्झगेराल्डच्या मागे बसून काढलेली बारा-तेरा वर्षं एका ओळीत उरकली. १९६३ ते १९६५ आणि मग १९६८ ते १९७८. चरित्रात्मक लेखांमध्ये ही वर्षं बहुधा 'मधल्या काळात' या शब्दांनी येतात. आधी तो मोठमोठ्या तबकड्यांवर होता, नंतर स्वतःच्या ट्रिओचा नायक झाला, मधल्या काळात एका गायिकेला साथ करत होता. जणू त्याने तिकडे नोकरी केली आणि सुटल्यावर कलेकडे परत आला. माझं म्हणणं असं की त्याच्या नंतरच्या वादनात जे सगळ्यात चांगलं आहे, ते याच मधल्या काळात घडलं. आणि त्याची किंमतही त्याने मोजली.

आधीचं थोडक्यात. जन्म १६ मार्च १९३०, डेट्रॉइट. मोठा भाऊ जॉन्सन पियानो वाजवायचा, त्यामुळे घरात आर्ट टेटम आणि टेडी विल्सन लहानपणापासून कानावर. टेडी विल्सन म्हणजे बिली हॉलिडेच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवरचा पियानो, म्हणजे साथीचा वस्तुपाठच. डेट्रॉइट आणि आसपासच्या भागाने त्या काळात पियानोवाले किती दिले बघा : हँक जोन्स, बॅरी हॅरिस, रोलंड हॅना, फ्लॅनगन. (हँक जोन्सही आधी एलाचा साथीदार होता. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोने राष्ट्राध्यक्ष केनेडींना वाढदिवसाचं जे सुप्रसिद्ध गाणं म्हटलं, तेव्हा पियानोवर तोच होता. हा व्हिडिओ लाखोंनी पाहिलाय, पियानोवाल्याचं नाव कुणाला विचारा!) १९५६ मध्ये फ्लॅनगन न्यूयॉर्कला आला आणि त्याच वर्षी सॉनी रोलिन्सच्या 'सॅक्सोफोन कोलोसस'वर वाजवला. 'सेंट थॉमस' ही धून तुम्ही कुठल्यातरी कॅफेत नक्की ऐकलीये. त्यातला पियानो त्याचा.

आता साथ. इथे आपल्या कानांची एक अडचण आहे. आपण साथ शिकलो ती पेटीवर. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर यांची पेटी गाण्याच्या मागून सावलीसारखी जाते. गायकाने जागा घेतली की ती जागा पेटीत उमटते, गायक श्वास घेतो तेव्हा पेटी ती ओळ धरून ठेवते. आपली दाद त्या पाठलागाला असते. हाच कान घेऊन एलाचं गाणं ऐकायला बसलं की पियानोत चाल शोधली जाते, ती सापडत नाही, आणि मग वाटतं की हा माणूस मागे काहीतरी किरकोळ वाजवतोय.

जॅझमध्ये गायिकेची चाल पियानोने सोबत वाजवली तर ती अडचण होते. एला चाल जशीच्या तशी कधीच गात नाही. ती ओळ उशिरा उचलते, एखादा स्वर वर नेते, शेवटचा शब्द लांबवते. पियानो मूळ चाल वाजवत बसला तर तिची प्रत्येक सूट चूक वाटेल. म्हणून साथीदाराने चाल सोडून बाकी सगळं द्यायचं. गाणं कुठल्या पट्टीत आहे आणि किती वेगात आहे, हे सुरुवातीच्या चार-आठ मात्रांत सांगायचं, आणि तेही असं की तिला पहिला स्वर आपोआप सापडावा. तिच्या खाली कॉर्डची जमीन ठेवायची, पण ती इतकी भरायची नाही की तिला वळता येणार नाही. दोन ओळींच्या मधे बोलायचं, आणि ती पुन्हा गायला लागायच्या आत गप्प व्हायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. फ्लॅनगनच्या मधल्या जागा ऐका : त्या जवळजवळ नेहमी एक मात्रा आधी संपतात. त्या रिकाम्या मात्रेत एला आत येते.

त्यात एला म्हणजे एक गायिका नव्हे. संथ गाण्यात तिला उशी लागते, आणि दहा मिनिटांनी ती स्कॅट करायला लागली की ती ट्रम्पेट असते आणि तिला मागून टोचणारे कॉर्ड लागतात. एकाच रात्री साथीदाराने दोन्ही व्हायचं. जुलै १९६४ मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी, जुआन-ले-पँ इथल्या उघड्यावरच्या मैफलीत रातकिड्यांची किरकिर चालू होती. एलाने तिथल्या तिथे त्या किड्यांवर गाणं रचून म्हटलं. 'द क्रिकेट साँग' या नावाने ते अल्बमवर आहे. पियानोवर फ्लॅनगन. समोर कागद नाही, गाणं कुठे जाणार हे खुद्द गाणारीलाही ठाऊक नाही. 'जायंट स्टेप्स'वर ज्याला कागद बघूनही वेळ पुरला नाही असं आपण हसत हसत सांगतो, तोच हा माणूस. हा व्हिडिओ मात्र कुणी बनवत नाही.

किंमत म्हटलं ती अशी : १९६० नंतर स्वतःच्या नावाचा पुढचा अल्बम यायला १९७५ उजाडलं. वयाच्या तिशीपासून पंचेचाळिशीपर्यंत. याच काळात बिल एव्हान्स, मॅकॉय टायनर, हर्बी हँकॉक यांनी जॅझमधला पियानो कुठल्या कुठे नेला. एला वर्षाचा मोठा भाग दौऱ्यावर असायची, आणि तो तिचा संगीत-दिग्दर्शक. सर्व्हर चालू आहे तोवर तो कोण चालवतोय हे कुणी विचारत नाही, तसं. १९७३ मध्ये कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमात काही संथ गाण्यांसाठी एलाने एलिस लार्किन्सला बोलावलं. लार्किन्सने १९५० मध्ये नुसत्या पियानोवर तिच्यासोबत गर्श्विनची गाणी रेकॉर्ड केली होती. म्हणजे तेवढ्या गाण्यांपुरता तिचा नेहमीचा साथीदार बाजूला. फ्लॅनगनला काय वाटलं असेल यावर कादंबरी लिहिण्यात अर्थ नाही. मला एवढंच दिसतं की त्याच अल्बमवर पुढे तो आहे आणि वाजवण्यात कुठे आकस नाही.

पण खरी मजा माँत्रोची. जुलै १९७७, स्वित्झर्लंडमधला जॅझ महोत्सव. फ्लॅनगन, बासवर कीटर बेट्स, ड्रमवर बॉबी डरहम. या तिघांचे तिथून दोन अल्बम निघाले : एक एलाबरोबर, एक तिच्याशिवाय. तेच तीन लोक, तोच महोत्सव, फरक फक्त मधल्या माइकचा. इतकी स्वच्छ ए-बी टेस्ट समीक्षकाला क्वचित मिळते. दोन्हींत चार्ली पार्करचा एकेक ब्लूज आहे. एला 'बिलीज बाउन्स' गाते, ट्रिओ 'बार्बेडोस' वाजवतो. दोन्ही बारा बारांची आवर्तनं. हेडफोन लावा आणि पाठोपाठ ऐका.

एलाच्या मागे त्याचा डावा हात कमी बोलतो, उजवा तुकड्यातुकड्यांत. ती स्कॅटमध्ये एखादी लकेर फेकते आणि तो ती परत वाजवत नाही, तिच्या पुढच्या लकेरीखाली बैठक सरकवतो. 'बार्बेडोस'मध्ये तोच माणूस लांब, वळणावळणाच्या ओळी वाजवतो, बीबॉपवाल्यासारख्या. पण नीट ऐकलं तर त्या ओळी जिथे थांबतात तिथे गाणाऱ्याने श्वास घेतला असता. तो उजव्या हाताने गातो आणि डाव्या हाताने त्या गाण्याला साथ करतो. बड पॉवेलच्या वळणाचे पियानोवाले पुष्कळ झाले. त्यांच्या ओळी बोटांना दम लागेपर्यंत चालतात. फ्लॅनगनच्या फुफ्फुसाला दम लागतो. हे कोल्ट्रेनच्या काळातल्या फ्लॅनगनमध्ये इतकं स्पष्ट नव्हतं.

१९७८ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याने एलाची साथ सोडली. पुढची तेवीस वर्षं ट्रिओ : आधी बासवर जॉर्ज म्राझ, नंतर पीटर वॉशिंग्टन आणि ड्रमवर लुईस नॅश. १९८२ मध्ये म्राझ आणि अल फॉस्टरबरोबर त्याने कोल्ट्रेनच्या आठवणीतला अल्बम केला, त्यात 'जायंट स्टेप्स' आहे. अडखळणं नाही, आणि हिशेब चुकता केल्याचा आवेशही नाही. तीच २६ कॉर्डांची भिंगरी, पण मधे मधे मोकळी हवा सोडलेली. २३ वर्षांपूर्वी त्या मोकळ्या जागा नाइलाजाने पडल्या होत्या. आता त्या ठेवलेल्या आहेत. दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवणारा व्हिडिओ कुणी केला तर मी पहिला शेअर करेन.

साथीचं सोनंच झालं असं म्हणून मोकळं होणं मात्र मला जमत नाही. त्या पंधरा वर्षांत त्याच्या नावाचे आणखी चार-पाच अल्बम असते तर मला हवेच होते. आणि ॲप्सचा दोष आहेच. एलाच्या बऱ्याचशा मैफलींच्या पानावर मोठ्या अक्षरात फक्त तिचं नाव, वादक कुठेतरी खाली, तीन टॅप करून मिळाले तर मिळाले. आपल्याकडे निवेदक निदान 'पेटीच्या साथीला' म्हणून नाव घेतो, लोक टाळ्या वाजवतात. माँत्रोच्या अल्बमवर मात्र शीर्षकातच आहे : एला फिट्झगेराल्ड, टॉमी फ्लॅनगन ट्रिओसह.

१९९३ मध्ये, एला हयात असताना, त्याने तिला मानवंदना म्हणून 'लेडी बी गुड' हा अल्बम केला. वॉशिंग्टन, नॅश आणि तो, तिघंच. गायिका नाही. संथ गाणी ऐकताना ओळ संपली की तो अजूनही एक मात्रा आधी थांबतो.