रंगनाथन यांचा चौथा नियम आणि माझे तीन आठवडे

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम कुणी मांडले? गाइडमध्ये हा एका मार्काचा प्रश्न असतो. उत्तर: एस. आर. रंगनाथन, १९३१. हे उत्तर मला बीएस्सीपासून पाठ होतं. पुस्तक मात्र उघडलं ते पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी.

रंगनाथन मूळचे गणिताचे मास्तर. १९२४ मध्ये मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज सोडून ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की मला परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. लंडनमधली ग्रंथालयं बघितल्यावर त्यांचं मत फिरलं.

‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा पहिला नियम वाचून आधी हसू येतं. यात सांगण्यासारखं काय? पण रंगनाथन तिथून मध्ययुगीन युरोपातल्या साखळीनं बांधलेल्या पुस्तकांकडे जातात आणि मग विचारतात, ग्रंथालय कुठे हवं, किती वेळ उघडं हवं, खुर्च्या कशा हव्यात, माणसं कशी हवीत? माझ्या एमएस्सीच्या कॉलेजात साखळ्या नव्हत्या, कुलपं होती. काचेच्या कपाटातलं पुस्तक लांबून बघायचं, चिठ्ठी द्यायची, काका आणून देतील ते घ्यायचं. वेळ साडेदहा ते पाच, म्हणजे नेमकी आमची प्रॅक्टिकल्स. अर्थात, हरवलेल्या पुस्तकाचा जाब ज्याला द्यावा लागतो तो माणूस कुलूप लावणारच, त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

चौथा नियम, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, मला सगळ्यात जास्त लागला. प्रोजेक्टला एका कॉपर कॉम्प्लेक्सचे स्फटिक काही केल्या मिळत नव्हते. सॉल्व्हंट बदलण्यात तीन आठवडे गेले. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात बोलता बोलता तिथल्या मॅडमनी विचारलं, “या पेपरचा संदर्भ नंतर कुणी कुणी घेतलाय, ते बघितलंस का?” मी पेपरच्या शेवटचे संदर्भ बघत बघत मागेच जात होते. तसंच पुढेही जाता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ पासून आहे!) दहा मिनिटांत दोन पेपर निघाले आणि एकात नेमकी माझीच अडचण होती, उपायासकट.

पुस्तकात खटकणाऱ्या गोष्टी आहेत. नियमांना माणसांसारखं बोलायला लावण्याची हौस जास्त झालीय, काही पानं सरळ उलटली तरी चालतील. पण माझी खरी तक्रार दुसऱ्या नियमाबद्दल आहे. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ मिळावा म्हणून ते शासन, ग्रंथालय चालवणारी संस्था, कर्मचारी आणि वाचक अशा चौघांची कर्तव्यं सांगतात. शिक्षकासाठी वेगळा रकाना नाही, आणि लिहिणारा माणूस स्वतः शिक्षक! वर्गात नोट्स डिक्टेट होत असतील आणि पेपर त्यावरच निघत असेल, तर मुलं ग्रंथालयात कशाला जातील? वाचनकक्षात येतात, पण स्वतःचंच गाइड घेऊन, पंख्याखालची जागा धरायला.

आता कपाटं बरीच उघडलीत. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी संस्थांमध्ये १३ हजारांच्या आसपास जर्नल्स मिळू लागली. तरी माझे ज्युनिअर्स गुगलवर टायटल टाकतात आणि वरचे चार पेपर उतरवून घेतात. रंगनाथन यांचं म्हणणं इथे आजही पटतं: नुसतं दार उघडून भागत नाही, वाचकाशेजारी बसणारं माणूस लागतं. यूजीसीच्या नियमांत कॉलेजच्या ग्रंथपालासाठीही नेट-सेट असते. पण टाइमटेबलमध्ये त्यांच्या नावाचा एक तास तुम्ही कधी बघितलाय? ओरिएंटेशनला वीस मिनिटं मिळतात, त्यात कार्ड, दंड आणि शांतता राखा.

पेटची तयारी करत असाल तर निदान चौथ्या नियमाचं प्रकरण वाचा. आणि जो पेपर अडलाय तोच घेऊन ग्रंथपालांकडे जा, “काहीतरी मटेरियल द्या” म्हणू नका.

कोर्सवर्कमध्ये त्या मॅडमचे दोन तास ठेवावेत, असा अर्ज मी विभागात दिला होता. पोर्शन मागे राहील, असं उत्तर आलं. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, विभागातर्फे मॅडमना गुलाबाचं फूल दिलं.