त्र्यंबक शंकर शेजवलकर : राजकीय लेखक आणि इतिहासकार

इतिहास लिहिणारांचे आपल्याकडे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात : एक कागद जमविणारांचा, दुसरा कथा सांगणारांचा. पहिल्या वर्गाने दप्तरे आणि पत्रे वाळवीच्या तोंडून सोडविली. दुसऱ्याने त्यांतील मजकूर घरोघर पोचविला. दोघांचेही उपकार मोठे आहेत. परंतु हाती आलेल्या कागदास, 'त्या वेळी राज्य कोणत्या हेतूने चालले होते, आणि तो हेतू योग्य होता काय?' असा प्रश्न विचारणारा लेखक विरळा. कै. त्र्यंबक शंकर शेजवलकर हे अशा विरळ लेखकांपैकी होत. ते इतिहासकार तर होतेच, पण राजकीय लेखकही होते. आणि ही दुसरी गोष्ट दृष्टीआड केली तर पहिलीचे मर्म कळत नाही, असे आमचे मत आहे.

शेजवलकरांचा जन्म २५ मे १८९५ रोजी कोकणात कशेळी येथे झाला. १९२९ पासून १९३२ पर्यंत त्यांनी 'प्रगति' हे साप्ताहिक चालविले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजास संशोधनसंस्थेचे रूप मिळाल्यावर ते तेथे मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापक झाले. २८ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. चरित्राचा सांगाडा एवढाच. परंतु त्यातील साप्ताहिकाची वर्षे थोडी असली तरी निर्णायक आहेत. साप्ताहिक लिहिणारास दर आठवड्यास निकाल द्यावा लागतो; कोणाचे धोरण चुकले आणि का चुकले, हे नाव घेऊन सांगावे लागते. ही सवय शेजवलकरांनी पुढे संशोधनाच्या दालनात नेली. तिच्यामुळे त्यांच्या लेखनास धार आली, आणि तिच्यामुळेच काही ठिकाणी त्यांचा निकाल पुराव्याच्या एक पाऊल पुढे गेला.

या गुणदोषांची कसोटी पाहावयाची ती पानिपतावरील ग्रंथात. हा ग्रंथ इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली, म्हणजे लढाईस दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, प्रसिद्ध झाला. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात पानिपतच्या काळातील पत्रे छापली आणि प्रस्तावनेत पराभवाचा दोष मुख्यत्वे मल्हारराव होळकर व गोविंदपंत बुंदेले यांच्या माथी मारला. तेव्हापासून हा वाद बहुधा व्यक्तींच्या दोषांभोवती फिरत राहिला : भाऊसाहेब गर्विष्ठ होते की नाही, गनिमी कावा का सोडला, बायकामुले बरोबर का नेली. शेजवलकरांनी वादाची बैठकच बदलली. मराठे तेथे गेले कशासाठी, हे त्यांनी आधी विचारले. १७५२ च्या करारान्वये दिल्लीच्या पातशाहीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी पत्करली होती. तेव्हा अब्दालीशी झालेले युद्ध हा लुटीसाठी निघालेल्या फौजेचा अपघात नसून पत्करलेल्या राजकीय कर्तव्याचा परिणाम होता, असे त्यांनी मांडले. उत्तरेच्या सपाट मुलखात, घरापासून इतक्या दूर, गनिमी कावा चालण्याजोगा नव्हता. गोलाची रचना करून शत्रूची फळी ओलांडावी हाच मार्ग उरला होता, आणि तो गोल आपल्याच सरदारांनी मोडला, हे त्यांचे विवेचन लष्करी दृष्ट्याही विचारार्ह आहे.

परंतु येथेच आमचा मतभेद सुरू होतो. भाऊसाहेबांच्या धोरणात शेजवलकरांना 'हिंदुस्थान हिंदुस्थानीयांचा' हे तत्त्व दिसते. १९४६ साली, परकी सत्ता जाण्याच्या उंबरठ्यावर असताना, राजकीय लेखकास ते दिसावे यात नवल नाही. पण ज्या करारात रक्षणाचे कर्तव्य होते त्यातच चौथाईचे हक्कही होते. आणि ज्या रजपूत राजांनी मराठ्यांच्या साह्यास यावयाचे, त्यांनीच मराठ्यांच्या खंडणीची झळ आधी सोसली होती. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे एकाकी का होते, याचे उत्तर निम्मे तरी येथे आहे. हेतूची उंची मोजताना वसुलीच्या या अंगास शेजवलकरांच्या निर्णयात पुरेसे वजन मिळालेले नाही, असे आम्हांस वाटते.

हा आक्षेप आम्ही घेतो त्यास स्थळाचेही कारण आहे. आम्ही रिसोडास राहतो. उदगीरच्या विजयानंतर पेशव्यांची फौज ज्या परतुराहून मार्च १७६० मध्ये उत्तरेस निघाली, ते परतूर येथून लोणार व मंठा ओलांडले की येते. पानिपत दूर आहे. पण त्याचा आरंभ आमच्या शेजारचा आहे. आणि ज्या वऱ्हाडात आम्ही राहतो, तेथे निजाम आणि भोसले या दोन धन्यांचा दुअंमल १८०३ पर्यंत चालला. दोघांचे वसुलीचे हिस्से ठरलेले. रयत मात्र एकच. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांस दरसाल द्यावयाच्या वस्तूंत वाशीम व बाळापूरच्या विणकरांनी विणलेले पाच हजार रुपयांचे कापड आहे. तह दोन दरबारांचा, कापड मात्र आमच्या कोष्ट्यांचे. या मुलखातून पाहिले म्हणजे राज्याच्या हेतूइतकाच त्याच्या खर्चाचा प्रश्न महत्त्वाचा वाटू लागतो.

तथापि हा प्रश्न विचारण्याची साधनेही शेजवलकरांनीच आमच्या हाती दिली, हे सांगितले पाहिजे. मेणवली दप्तरातील नागपूरकर भोसल्यांविषयीची पत्रे त्यांनी 'नागपूर अफेअर्स' या नावाने १९५४ आणि १९५९ मध्ये दोन खंडांत संपादिली. 'निजाम-पेशवे संबंध' हा त्यांचा ग्रंथही १९५९ चाच. या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ साली निघाला होता; त्यानंतर या प्रांताच्या अभ्यासकास एवढे बहुमोल साहाय्य फार थोड्यांनी केले असेल. कोकणच्या लेखकाने पुण्यास बसून वऱ्हाड-नागपूरच्या कागदांवर वर्षे घालवावी, हे त्यांच्या दृष्टीच्या व्यापकतेचे द्योतक होय.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र अपुरे राहिले. शिवचरित्राचा त्यांचा संकल्प सिद्धीस गेला नाही. प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढाच भाग 'श्री शिवछत्रपति' या नावाने १९६४ साली, म्हणजे मरणोत्तर, प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये साहित्य अकादेमीने त्यास पारितोषिक दिले. आराखड्यास असा मान मिळणे हे दुर्मीळच. ज्या पुरुषाविषयी महाराष्ट्रात केवळ स्तोत्रे लिहिली जाण्याची भीती नेहमी असते, त्याच्याविषयी आधी पुराव्यांची प्रतवारी लावून मग लिहावे, हा धडा त्या अपुऱ्या ग्रंथातही पुरेपूर आहे.

आज इतिहासाचे नाव निघताच घरातल्या घरातही दोन तट पडतात. कोणास केवळ अभिमान हवा असतो, कोणास केवळ दोषारोप. शेजवलकर दोघांसही गैरसोयीचे आहेत. त्यांनी पेशवाईवर प्रेमही केले नाही आणि तिचा सूडही घेतला नाही. तिला जाब विचारला. त्यांचे सर्व निकाल मान्य करण्याचे कारण नाही. आम्हीही ते केलेले नाहीत. परंतु त्यांच्याशी वाद घालावयाचा तर कागद उघडावा लागतो, नुसता आवाज चढवून भागत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हाती कथाकादंबऱ्यांबरोबर पानिपतावरचा हा ग्रंथही पडावा, आणि तो वाचून त्यांनी वडिलांशी वाद घालावा, असे आम्हांस मनापासून वाटते.